वनपट्ट्यातील मतदार आणि लोकसभा निवडणुकीतील दीर्घकालीन धोरणप्रश्न : मोहर्ली परिसराच्या विशेष संदर्भात

सारांश :

लोकसभा निवडणुकीच्या काळात मतदारांचे अग्रक्रम जाणून घेण्यासाठी अनेक सर्वेक्षणे होतात. त्यांत रोजगार, महागाई, आरोग्य, पाणी हे विषय वरच्या स्थानी दिसतात. वनालगतच्या गावांतील मतदारांचे प्रश्न मात्र या शीर्षकांखाली झाकले जातात. प्रस्तुत लेखात चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली परिसराच्या आधारे हे प्रश्न कोणते, ते दीर्घकालीन का ठरतात आणि ते निवडणुकीच्या चर्चेत का येत नाहीत, याचे विवेचन केले आहे. वनालगतच्या मतदाराकडे धोरणविषयक प्रश्नांचा अभाव नाही. प्रातिनिधिक व्यवस्थेच्या रचनेत त्या प्रश्नांचे रूपांतर वैयक्तिक भरपाईच्या मागणीत होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : दीर्घकालीन धोरण, मतदार, वनहक्क, मानव-वन्यजीव संघर्ष, ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प, मतदारसंघ.

प्रस्तावना :

भारतीय संसदीय लोकशाहीत लोकसभेची निवडणूक ही केवळ प्रतिनिधी निवडण्याची प्रक्रिया नसून पुढील पाच वर्षांच्या राष्ट्रीय धोरणाची दिशा ठरविणारी प्रक्रिया होय. त्यामुळे मतदारांना कोणते विषय चर्चेत यावेत असे वाटते, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने २०१८ मध्ये ५३४ लोकसभा मतदारसंघांतील पावणेतीन लाखांच्या जवळपास मतदारांचे सर्वेक्षण केले. त्यात ४६.८० टक्के मतदारांनी रोजगाराच्या अधिक चांगल्या संधी, ३४.६० टक्के मतदारांनी आरोग्यसेवा आणि ३०.५० टक्के मतदारांनी पिण्याचे पाणी यांना अग्रक्रम दिला. लोकनीती-सीएसडीएस यांच्या २०२४ च्या निवडणूकपूर्व सर्वेक्षणात २७ टक्के मतदारांनी बेरोजगारी, २३ टक्के मतदारांनी महागाई, तर १३ टक्के मतदारांनी विकास हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मानला.

ही आकडेवारी देशाचे सर्वसाधारण चित्र समजण्यास उपयुक्त आहे. तथापि अशा सर्वेक्षणांत मतदाराचे उत्तर एका शब्दात नोंदविले जाते आणि त्या शब्दामागचा स्थानिक अर्थ नोंदीबाहेर राहतो. शहरातील सुशिक्षित तरुणाने सांगितलेला ‘रोजगार’ आणि व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेवरील गावातील स्त्रीने सांगितलेला ‘रोजगार’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याचा संबंध नोकरभरतीशी व उद्योगांशी असतो. दुसरीचा संबंध जंगलात जाण्याच्या अधिकाराशी, मोहफुले व तेंदूपत्ता यांच्या हंगामाशी आणि त्या हंगामात जिवंत घरी परतण्याच्या शाश्वतीशी असतो. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय वनपट्ट्यातील मतदारांचे अग्रक्रम समजणे शक्य नाही.

उद्दिष्टे :

१) ‘दीर्घकालीन धोरणप्रश्न’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे.
२) मोहर्ली परिसरातील मतदारांशी निगडित अशा प्रश्नांचे स्वरूप मांडणे.
३) हे प्रश्न लोकसभा निवडणुकीच्या चर्चेत येण्यातील अडथळे शोधणे.
४) हे प्रश्न उमेदवारांपुढे मांडण्याच्या दृष्टीने महाविद्यालयांच्या भूमिकेचा विचार करणे.

विवेचनासाठी कायदे, शासकीय निर्णय, निवडणूकविषयक माहिती व प्रसिद्ध सर्वेक्षणे या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

दीर्घकालीन धोरणप्रश्न : अर्थ

एखादा प्रश्न दीर्घकालीन धोरणाचा आहे असे म्हणण्यासाठी तीन कसोट्या लावता येतात. पहिली, त्या प्रश्नावर घेतलेल्या निर्णयाचे परिणाम एका लोकसभेच्या मुदतीपेक्षा अधिक काळ टिकणारे असावेत. दुसरी, त्याची सोडवणूक कायदा, अर्थसंकल्प किंवा राष्ट्रीय पातळीवरील संस्था यांच्यामार्फतच शक्य असावी. ग्रामपंचायत किंवा तालुका कार्यालय यांच्या पातळीवर ती पूर्ण होऊ नये. तिसरी, तात्पुरत्या मदतीने त्या प्रश्नाची तीव्रता कमी झाली तरी मूळ कारण कायम राहावे.

या कसोट्यांनुसार गावातील रस्त्याचे डांबरीकरण हा दीर्घकालीन धोरणप्रश्न ठरत नाही. व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेवर मनुष्यवस्तीचे भवितव्य काय, हा प्रश्न मात्र तिन्ही कसोट्यांना उतरतो.

मोहर्ली : स्थान आणि पार्श्वभूमी

मोहर्ली हे भद्रावती तालुक्यातील गाव चंद्रपूर शहराच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरवर, इरई जलाशयाच्या परिसरात वसलेले आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचे सर्वाधिक परिचित प्रवेशद्वार येथे आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९५५ मध्ये झाली. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २००६ च्या सुधारणेनंतर सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र निश्चित झाले आणि २०१० मध्ये त्याभोवती सुमारे ११०२ चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र अधिसूचित झाले. ताडोबा हे नाव ज्या देवतेवरून पडले, ती गोंड समाजाची देवता असून तिचे स्थान तलावाच्या काठी, आज गाभा क्षेत्रात आहे.

मोहर्लीचे वैशिष्ट्य असे की, राष्ट्रीय धोरणाचे तीन प्रवाह येथे एकत्र येतात. एका बाजूस व्याघ्रसंवर्धनाचे धोरण आहे. दुसऱ्या बाजूस ऊर्जाधोरण आहे. इरई धरणाचे पाणी प्रामुख्याने चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रासाठी वापरले जाते आणि शहर व प्रकल्प यांच्या दरम्यान दुर्गापूर-पद्मापूर येथील कोळशाच्या खाणी आहेत. तिसऱ्या बाजूस वनहक्कांचे धोरण आहे. या तिन्ही धोरणांचे निर्णय मुख्यत्वे नवी दिल्लीत होतात. परिणाम मात्र येथील गावकऱ्यांच्या दैनंदिन जीवनावर होतात.

मतदारांचे दीर्घकालीन प्रश्न :

अ) मानव व वाघ यांचे सहअस्तित्व

महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २००६ च्या गणनेत १०३ होती. २०१८ मध्ये ती ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ झाली. याच काळात देशातील संख्या १४११ वरून ३६८२ पर्यंत पोहोचली. संवर्धनाच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे. राज्यातील वाघांचा मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्यात असून त्यांपैकी बरेच वाघ संरक्षित क्षेत्राबाहेर, ब्रह्मपुरीसारख्या प्रादेशिक वनविभागांत राहतात. तेथे जंगल, शेती आणि गाव यांच्यात स्पष्ट सीमा नाही.

या यशाची किंमत कोण देते, हा धोरणाचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये औष्णिक केंद्र व दुर्गापूर परिसरात वाघ व बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ मृत्यू झाले. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबातच व्याघ्रगणनेसाठी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. कारखान्यातील कामगार, शासकीय कर्मचारी आणि वनोपज गोळा करणाऱ्या स्त्रिया अशा भिन्न स्तरांतील व्यक्ती या घटनांत बळी पडल्या, ही बाब प्रश्नाची व्याप्ती दर्शविते.

यावर शासनाचे प्रमुख उत्तर आर्थिक साहाय्याचे राहिले आहे. मृत्यूच्या प्रकरणी वारसांना द्यावयाची रक्कम महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५ लाखांवरून २० लाख रुपये व २०२३ मध्ये २५ लाख रुपये करण्यात आली. २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून स्वयंपाकाचा गॅस, सौर कुंपण यांसारख्या उपायांवर भर देण्यात आला. मोहर्ली परिक्षेत्रातील सीतारामपेठ येथे २०२३ मध्ये वाघाच्या हालचालीची सूचना देणारी कॅमेऱ्यांवर आधारित यंत्रणा बसविण्यात आली. २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून नवेगाव-नागझिऱ्यात, २०२४ मध्ये ताडोबातून ओडिशातील सिमिलिपाल येथे आणि २०२५ मध्ये सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात वाघिणींचे स्थलांतर करण्यात आले.

हे सर्व उपाय उपयुक्त आहेत. परंतु एका भूप्रदेशात किती वाघ आणि किती माणसे एकत्र राहू शकतात, अतिरिक्त वाघांचे काय करावे आणि वनोपजावर अवलंबून असलेल्या कुटुंबांना जंगलाऐवजी उपजीविकेचे कोणते साधन द्यावे, या मूळ प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळत नाहीत. ती राष्ट्रीय धोरणातूनच मिळू शकतात.

आ) वनहक्क आणि पुनर्वसन

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. या कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनेही २०१२ मध्ये असा हक्क मिळवून बांबूच्या व्यवस्थापनातून गावातच रोजगार निर्माण केला. या दोन उदाहरणांवरून वनहक्क हा रोजगाराचाच प्रश्न असल्याचे स्पष्ट होते.

व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात मात्र हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. भद्रावती तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडत नसल्याने पेसा कायद्याचे संरक्षण येथील ग्रामसभांना नाही. वनहक्क कायदा लागू आहे, पण त्याच भूमीवर वन्यजीव कायद्याचीही अंमलबजावणी होते. राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाने २०१७ मध्ये एका पत्राद्वारे व्याघ्र अधिवासाच्या गाभा क्षेत्रात वनहक्क देण्यास प्रतिबंध केला आणि २०१८ मध्ये ते पत्र मागे घेतले. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटविण्याविषयी आदेश दिला व २८ फेब्रुवारीस त्याला स्थगिती दिली. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ११ एप्रिल २०१९ रोजी चंद्रपूर व गडचिरोली-चिमूर मतदारसंघांत मतदान झाले.

गाभा क्षेत्रातील बोटेझरी, नवेगाव, जामणी या गावांचे ताडोबातून पुनर्वसन झाले आहे. पुनर्वसनासाठी प्रतिकुटुंब १० लाख रुपयांचे असलेले साहाय्य २०२१ मध्ये १५ लाख रुपये करण्यात आले. कायद्यानुसार असे पुनर्वसन ऐच्छिक असावे आणि त्यास ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती असावी. १९ जून २०२४ रोजी राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून देशातील व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत राहिलेल्या ५९१ गावांतील ६४,८०१ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा कालबद्ध आराखडा मागितला. लोकसभेचा निकाल ४ जून २०२४ रोजी लागला होता. म्हणजेच इतक्या कुटुंबांशी संबंधित विषय निकालानंतर जेमतेम पंधरा दिवसांत प्रशासनाच्या कार्यसूचीवर आला. मतदानापूर्वी तो उमेदवारांना विचारण्याची संधी मतदारास मिळाली नाही. हा कालक्रम दीर्घकालीन प्रश्न आणि निवडणूक यांच्यातील अंतर पुरेसे स्पष्ट करतो.

इ) कोळसा, वीज आणि वन्यजीवांचे संचारमार्ग

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये केलेल्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकाच्या मूल्यमापनात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. वीजनिर्मितीचा लाभ संपूर्ण राज्याला मिळतो. धूळ, राख व खाणींचे परिणाम या जिल्ह्याच्या वाट्याला येतात. ताडोबालगतच्या लोहारा कोळसा खाणीच्या प्रस्तावास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००९ मध्ये नकार दिला. चिमूर तालुक्यातील बंदर कोळसा क्षेत्र ताडोबा व उमरेड-करांडला यांना जोडणाऱ्या संचारमार्गावर येत असल्याने २०२० मध्ये लिलावाच्या यादीतून वगळण्यात आले. गडचिरोलीतील सुरजागड येथील लोहखनिजाच्या उत्खननाने रोजगार व वनभूमी यांतील हाच पेच दक्षिणेकडे उभा केला आहे.

संचारमार्ग खंडित झाले की वाघ गावाच्या दिशेने वळतो. म्हणून खाणीचा निर्णय हा मानव-वन्यजीव संघर्षाचाही निर्णय असतो. पण लोहारा व बंदर या दोन्ही प्रसंगी निर्णय झाला तो आंदोलन, तज्ज्ञांचे अहवाल व मंत्रालयीन पत्रव्यवहार यांतून. खाणकामास कोठे मज्जाव असावा, याचे कायम स्वरूपाचे धोरण कोणत्या पक्षाचे काय आहे, हे मतदारास ठाऊक नसते. त्यामुळे प्रत्येक वेळी लढा नव्याने उभारावा लागतो.

ई) पर्यटनाधारित उपजीविका

मोहर्लीतील अनेक कुटुंबांची उपजीविका पर्यटनाशी जोडलेली आहे. मार्गदर्शक, जिप्सीचालक, निवासगृहांतील कर्मचारी व लहान दुकानदार असे तिचे स्वरूप आहे. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम बंदी घातली व ऑक्टोबर २०१२ मध्ये नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह ती उठविली. एका आदेशाने संपूर्ण गावाचे उत्पन्न थांबू शकते, ही जाणीव त्या प्रसंगाने दिली. प्रवेशशुल्कातील गावांचा वाटा, बाहेरील भांडवलाने उभारलेली निवासगृहे व स्थानिकांचे रोजगार यांचे प्रमाण, तसेच हंगामाबाहेरील उत्पन्न हे विषय स्थायी धोरणाची मागणी करतात.

हे प्रश्न निवडणुकीत का येत नाहीत?

१) काळाची विसंगती : वनधोरणाचे फलित दिसण्यास दहा ते वीस वर्षे लागतात, प्रतिनिधीची मुदत पाच वर्षांची असते. आज आखलेल्या संचारमार्गाचे श्रेय उद्याच्या प्रतिनिधीस मिळते. आज दिलेल्या धनादेशाचे श्रेय मात्र आजच मिळते. त्यामुळे धनादेशाकडे राजकीय कल असणे स्वाभाविक ठरते.

२) अधिकारांची विभागणी : १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने व वन्यजीव हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आले. कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याची, निधी दोघांचा, अर्थ लावणारे न्यायालय आणि प्रत्यक्ष व्यवहार वनविभागाशी, अशी स्थिती असल्याने नेमका जाब कोणाला विचारावा हे मतदारास कळत नाही. २०२४ मध्ये राज्याचे तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार हेच चंद्रपूर मतदारसंघात उमेदवार होते. अशा वेळी वनमंत्री म्हणून केलेले कार्य आणि संसदेत करावयाचे कार्य यांतील फरक स्पष्ट करून प्रश्न विचारणे आवश्यक असते. तो फरक मांडणारी माहिती सामान्य मतदारापर्यंत क्वचितच पोहोचते.

३) मतदारसंघांची रचना : २००८ च्या पुनर्रचनेनुसार भद्रावती तालुका वरोरा विधानसभा क्षेत्राद्वारे चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात आहे, चिमूर व सिंदेवाही हे तालुके अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात आहेत. परिणामी एकाच व्याघ्रप्रकल्पाभोवतीची गावे दोन खासदारांत विभागली गेली आहेत. मोहर्लीच्या प्रवेशद्वाराचा खासदार वेगळा आणि कोलाऱ्याच्या प्रवेशद्वाराचा वेगळा. वाघाचा संचार सलग आहे, प्रतिनिधित्व सलग नाही. दोन्ही मतदारसंघांत ही गावे अल्पसंख्य ठरतात. चंद्रपूर मतदारसंघाचा विस्तार यवतमाळ जिल्ह्यातील वणी व आर्णीपर्यंत, तर गडचिरोली-चिमूरचा विस्तार गोंदिया जिल्ह्यातील आमगावपर्यंत आहे. एवढ्या विस्तृत क्षेत्रात बफर गावांचा प्रश्न प्रचाराचा मध्यवर्ती विषय होणे कठीण जाते.

४) प्रतिनिधित्वातील खंड : चंद्रपूरचे खासदार सुरेश (बाळू) धानोरकर यांचे ३० मे २०२३ रोजी निधन झाले. त्यानंतर पोटनिवडणूक झाली नाही आणि जून २०२४ पर्यंत ही जागा रिक्त राहिली. वनभूमीच्या वापराविषयीच्या १९८० च्या कायद्यात मूलभूत बदल करणारे वन (संवर्धन) सुधारणा विधेयक याच काळात, २६ जुलै २०२३ रोजी लोकसभेत संमत झाले. वनाच्छादित जिल्ह्याच्या या मतदारसंघाला त्या दिवशी सभागृहात प्रतिनिधी नव्हता. एका मताने निर्णय बदलला नसता. पण या भागाचे म्हणणे तेथील खासदाराकडून सभागृहाच्या कामकाजात नोंदविले जाण्याची संधी मात्र गेली.

५) हंगाम आणि प्रचार : या दोन्ही मतदारसंघांत २००९ मध्ये १६ एप्रिल, २०१४ मध्ये १० एप्रिल, २०१९ मध्ये ११ एप्रिल व २०२४ मध्ये १९ एप्रिल रोजी मतदान झाले. प्रचाराचा काळ मोहफुलांच्या हंगामात येतो आणि मतदानानंतर लगेच तेंदूपत्त्याचे संकलन सुरू होते. पहाटे जंगलात गेलेल्या स्त्रीपुरुषांना सकाळच्या सभांना उपस्थित राहता येत नाही. आणि ज्या महिन्यांत वाघाशी समोरासमोर येण्याचा धोका अधिक असतो, त्यांतील मे महिना मतदान आटोपल्यावर येतो. तोपर्यंत उमेदवार परतलेले असतात.

असे असूनही मतदानाविषयी येथे उदासीनता नाही. २०२४ मध्ये गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७१.८८ टक्के मतदान झाले. राज्यातील हे सर्वाधिक प्रमाण होते. चंद्रपूरमध्येही ६७.५५ टक्के मतदान झाले. सहभाग भरपूर आणि धोरणचर्चा अल्प, असे हे चित्र आहे.

भरपाई आणि धोरण यांतील फरक :

वरील अडथळ्यांचा एकत्रित परिणाम असा होतो की, सामूहिक प्रश्न वैयक्तिक अर्जाच्या स्वरूपात व्यवस्थेपुढे येतो. पीक नष्ट झाले की पंचनामा, जनावर मारले गेले की पंचनामा, माणूस गेला की वारसाचा अर्ज. प्रत्येक अर्ज न्याय्य आहे आणि त्याचा निपटारा तत्परतेने व्हावयास हवा. परंतु शंभर अर्जांची बेरीज म्हणजे धोरण नव्हे. २५ लाख रुपयांची रक्कम कुटुंबास आधार देते. पुढील उन्हाळ्यात त्याच पाणवठ्याकडे जाणाऱ्या शेजारणीचा धोका त्यामुळे कमी होत नाही. भरपाईची रक्कम वाढविण्याची स्पर्धा निवडणुकीत सहज लागू शकते. धोका कमी करण्याचे उत्तरदायित्व मात्र कोणी स्वीकारत नाही, कारण ते कोणी मागितलेले नसते.

येथे एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. वन्यजीवांचे हित मतदान करू शकत नाही. म्हणून हा विषय निवडणुकीत आला तर लोकानुनयी घोषणा होऊन संवर्धनाची हानी होईल, असे काही अभ्यासकांना वाटते. ही भीती निराधार नाही. तथापि लोहारा व बंदर या उदाहरणांत संवर्धनाच्या बाजूने स्थानिक जनमतही उभे राहिले होते, हे विसरता येत नाही. सीमेवरील माणसाच्या संमतीवाचून कोणतेही संवर्धन दीर्घकाळ टिकत नाही. चर्चा टाळल्याने संघर्ष टळत नाही. तो केवळ असंघटित संतापाच्या रूपाने बाहेर पडतो.

उमेदवारांना विचारावयाचे प्रश्न :

सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०१३ च्या निर्णयानंतर भारत निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये जाहीरनाम्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे आदर्श आचारसंहितेत समाविष्ट केली. आश्वासनांमागील तर्क व ती पूर्ण करण्याचे आर्थिक मार्ग जाहीरनाम्यातून दिसावेत, अशी त्यांत अपेक्षा आहे. हाच निकष लावून मोहर्ली परिसरातील मतदारास पुढील प्रश्न विचारता येतील.

१) गाभा क्षेत्रातील पुनर्वसनापूर्वी वनहक्कांचे दावे निकाली काढण्याचे बंधन पाळले जाईल, यासाठी संसदेत कोणती भूमिका घेणार?
२) वन्यजीवांचे संचारमार्ग खाणकामासाठी कायमचे निषिद्ध ठरविण्यास पाठिंबा आहे काय? असल्यास खाणींवर अवलंबून असलेल्या रोजगाराची पर्यायी योजना कोणती?
३) मृत्यूनंतरच्या साहाय्याखेरीज मोहफुले व तेंदूपत्ता हंगामातील संरक्षणासाठी किती निधी आणि मनुष्यबळ मागणार?
४) वाढत्या व्याघ्रसंख्येच्या व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण काय असावे व त्यात ग्रामसभेचे स्थान कोणते?
५) ताडोबाभोवतीच्या दोन मतदारसंघांचे खासदार वर्षातून किमान एकदा संयुक्तपणे आढावा घेतील काय?

यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर रुपयांच्या एका आकड्यात देता येत नाही.

महाविद्यालयांची भूमिका :

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत वनपट्ट्यातील गावांमधून येणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. त्यांतील अनेक जण प्रथमच मतदान करणारे असतात. निवडणूक आयोगाने २०१८ पासून शैक्षणिक संस्थांत निवडणूक साक्षरता मंडळांची योजना सुरू केली आहे. या मंडळांचे कार्य बहुधा मतदारनोंदणी, शपथ व घोषवाक्य स्पर्धा यांपुरते राहते. मतदानाचे प्रमाण आधीच उच्च असलेल्या या भागात ‘मतदान करा’ एवढा संदेश पुरेसा नाही. ‘काय विचारून मतदान करावे’ हा साक्षरतेचा पुढील टप्पा होय.

त्यासाठी तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. राज्यशास्त्र विभागाने आपल्या खासदारांनी वने, खाणी व वनहक्क यांवर संसदेत विचारलेल्या प्रश्नांचे वार्षिक संकलन मराठीतून प्रसिद्ध करावे; ही माहिती संसदेच्या संकेतस्थळांवर उपलब्ध असते. प्राणिशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून गावनिहाय नोंदी कराव्यात : जंगलात कोणत्या महिन्यात कोण जाते, किती वाजता जाते, त्यावर कुटुंबाचे किती उत्पन्न अवलंबून आहे. आणि निवडणूक जाहीर होण्यापूर्वी, आचारसंहितेचा प्रश्न उद्भवणार नाही अशा वेळी, या नोंदींच्या आधारे ग्रामसभांना आपली प्रश्नपत्रिका तयार करण्यास साहाय्य करावे. प्रश्न ग्रामसभेचे असावेत. महाविद्यालयाने केवळ माहिती पुरवावी व पक्षनिरपेक्षता कटाक्षाने पाळावी. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या मेंढा (लेखा) गावाच्या घोषणेचा उत्तरार्ध बहुधा उद्धृत होतो. तिच्या पूर्वार्धातील ‘आमचे’ या शब्दाकडेही तितकेच लक्ष द्यावयास हवे. दिल्लीतील सरकार आपले असेल, तर त्यास प्रश्न विचारण्याची तयारीही आपलीच असावी लागते.

निष्कर्ष :

१) वनपट्ट्यातील मतदारांचे दीर्घकालीन प्रश्न राष्ट्रीय सर्वेक्षणांत रोजगार वा विकास या सर्वसाधारण शीर्षकांखाली लुप्त होतात.

२) व्याघ्रसंवर्धन, वनहक्क, ऊर्जा व पर्यटन ही चार धोरणे मोहर्लीसारख्या गावात परस्परांत गुंतलेली आहेत, त्यांचा स्वतंत्र विचार केल्यास चुकीचे उपाय सुचतात.

३) निवडणुकीचा अल्प कालावधी, अधिकारांची विभागणी, मतदारसंघांची रचना आणि प्रचाराचा हंगाम यांमुळे हे प्रश्न मागे पडतात व त्यांची जागा भरपाईची मागणी घेते.

४) उच्च मतदान ही या भागाची जमेची बाजू असून तिला माहितीची जोड देण्याचे कार्य महाविद्यालये करू शकतात.

देशाची पुढील जनगणना २०२७ मध्ये होत असून त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेत सीमा नव्याने आखल्या जाण्याची शक्यता आहे. त्या वेळी ताडोबाभोवतीच्या गावांचा सलग विचार व्हावा, ही मागणी वेळेवर मांडण्यासाठी तयारी आताच आवश्यक आहे. लोकसभेची यापुढील नियमित निवडणूक २०२९ च्या उन्हाळ्यात अपेक्षित आहे. मोहर्लीच्या जंगलात तेव्हाही मोहफुले पडतील आणि ती वेचण्यास लोक पहाटेच निघतील. त्यांना सुरक्षित परत आणण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मतदानापूर्वी विचारला जातो की मृत्यूनंतरच्या पंचनाम्यात, यावर या भागातील लोकशाहीचे मूल्यमापन अवलंबून राहील.